स्वयंपाकघराचा पडदा

१ जून, रविवार

एसोसाचं डोकं आपटलं! फुटबॉलच्या मॅचमध्ये कॉर्नर किकला उडी मारली आणि समोरच्या पोरीच्या कपाळावर हिचं कपाळ. आवाज आम्हाला वर स्टँडमध्ये ऐकू आला. उठली, हसली, अंगठा दाखवला. क्लबने सीझनपुरती तिला आमच्याकडे राहायला पाठवली तेव्हाच कुशल म्हणाला होता — "पाहुणी म्हणून ठेव, लेक करू नकोस." नवऱ्यांना सांगायला काय जातं!

२ जून

डोक्याला मार लागल्यावर मेंदूची टेस्ट घेतात, ती एसोसा पास. ट्रेनर म्हणे, स्कोअर सीझनच्या सुरुवातीला होता तेवढाच.

आणि दुपारी नायजेरियाहून फोन — आफ्रिका कपच्या कॅम्पचं बोलावणं! एकोणिसाव्या वर्षी पहिल्यांदा देशाची हिरवी जर्सी घातली, मग गुडघा गेला, मग कित्येक वर्षं कुणी विचारलं नाही. आता सत्ताविसाव्या वर्षी परत डिफेन्सच्या मधोमध. बेनिन सिटीहून तिची आई व्हिडिओवर अशी ओरडली की आमच्या लेकीने, रुहीने, कानांवर हात ठेवले. मी शिरा केला. सगळे नाचलो.

५ जून

सकाळी खाली आले तर स्वयंपाकघराचा पडदा ओढलेला. बाहेर लख्ख ऊन आणि एसोसा अंधारात चहा पीत बसलेली. "लाइट नको, आँटी. उजेडाने डोकं ठणकतं. प्लीज."

मला हे अजिबात आवडलेलं नाही.

६ जून

विचारलंच. मग टेस्ट पास कशी झालीस?

हसली. "आँटी, सीझनच्या आधीची टेस्ट असते ना, ती आम्ही मुद्दाम खराब देतो. शब्द विसरायचे, बटण उशिरा दाबायचं. मग डोक्याला लागल्यावर स्कोअर तेवढाच येतो." रुही सीरिअल खाता खाता ऐकत होती, डोळे विस्फारून. बारा वर्षांच्या पोरीला एसोसाचं शिंकणंसुद्धा थोर वाटतं.

मी दिवसभर सॉफ्टवेअर टेस्ट करते. पहिलं मापच खोटं असेल तर पुढचा प्रत्येक 'पास' खोटा — हे मी ऑफिसात नव्या पोरांना घसा फोडून सांगते. आणि घरात?

"कोचला सांगू नका, आँटी. माझा हा शेवटचा चान्स आहे." डोळ्यांत पाणी होतं. मी शब्द दिला. का दिला?

१० जून

रुहीच्या शाळकरी फुटबॉल टीमच्याही सीझनआधीच्या त्या टेस्ट झाल्या. "कशी गेली?" "फाइन, आई." माझं लक्ष एसोसाच्या बॅगेत. डोकेदुखीच्या गोळ्यांची बाटली लपवत होती ती.

१३ जून

एसोसा कॅम्पला गेली. एअरपोर्टच्या आत, छपराखाली, काळा चष्मा! मला घट्ट धरलं. क्लबच्या डॉक्टरांचा नंबर माझ्या फोनवर समोर होता. नाही लावला. मला भीती वाटते. सांगितलं तर तिचं सगळं संपेल, नाही सांगितलं तर तीच...

कुशलपासूनही हे लपवलंय.

१९ जून

एसोसाचा सराव सामना, लॅपटॉपवर. बॉल हवेत गेला की मी डोळे मिटत होते. रुही ओरडत होती, "हेड इट! हेड इट!" एसोसा पूर्ण नव्वद मिनिटं खेळली. जिंकले. मी लॅपटॉप मिटला.

२१ जून, शनिवार

आज रुही पडली. गोलपोस्टवर डोकं! इथल्या शॉमबर्गच्या मैदानावर मी धावले, चप्पल कुठे राहिली आठवत नाही. उठली. हसली. अंगठा दाखवला.

२३ जून

रुहीची टेस्ट झाली. स्कोअर आधीइतकाच. कोच म्हणाला, काळजी नको, उद्यापासून प्रॅक्टिस. हुश्श! फोडणी टाकताना चक्क गुणगुणले.

२४ जून

स्वयंपाकघराचा पडदा ओढलेला. एसोसा तर आफ्रिकेत.

अंधारात टेबलाशी रुही, हातांत डोकं. आधीची टेस्ट मुद्दाम खराब दिली होती, एसोसासारखी. "डोन्ट टेल कोच, आई. प्लीज."

सांगितलं. दोघींचंही.