सात तास कमी

३ जून, सोमवार
‘पोरी, माझे पंख कुठं अडलेत गं?’ विंचवाल्या काकांनी आजही विचारलं. काय सांगू? उड्डाणांच्या नोंदी माझ्याकडे, पण मलाच ठाऊक नाही!

बचाव हेलिकॉप्टरच्या विंचवरून, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्रावरून, दोर सोडून माणसं वर ओढणारे हे काका. छातीवर पंखांचा बिल्ला लावायला दोनशे तासांचं उड्डाण लागतं. कार्डावर एकशे त्र्याण्णव. कान गेले म्हणून डॉक्टरांनी उडणं बंद केलंय, आणि तीस तारखेला निवृत्ती.

‘जगाला वर ओढलं, अन् मी सात तासांसाठी लोंबकळतोय!’ हसले. मला नाही हसू आलं.

६ जून, गुरुवार
सापडलं! काकांच्या उड्डाण-नोंदवहीतलं आठ वर्षांपूर्वीचं पान. सरावाची चोवीस उड्डाणं, प्रत्येक पन्नास मिनिटांचं, म्हणून प्रत्येकासमोर ०.५०. कॅल्क्युलेटरवर बेरीज — बारा तास. अहो, तास साठ मिनिटांचा, शंभराचा नाही! खरे वीस तास. म्हणजे काकांचे दोनशे एक!

नाचावंसं वाटलं. मग खालची सही पाहिली. बाबांची.

७ जून
साहेब म्हणाले, ‘दुरुस्ती होईल. पण चूक कुणाची, ते लिहावं लागतं. घरी विचार कर, बाई.’

९ जून, रविवार
माझ्या आधी या खुर्चीवर बाबाच कारकून होते. दहावीपर्यंत शिकलेले. माझी पदवी त्यांनी चौकट करून दारासमोरच टांगलीय. ‘तीस वर्षांत एक बेरीज चुकली नाही’ — पाहुण्यांना चहाआधी हेच मिळतं.

आज धीर करून ते आकडे पुढे ठेवले. जरा तपासता, बाबा? त्यांनी चष्मा पुसला. ऑफिसातला पहिलावहिला कॅल्क्युलेटर काढला, निरोपाला त्यांनाच दिलेला. एकेक आकडा जपून दाबला.

‘बारा! बरोबर आहे की. ग्रॅज्युएट झालीस तरी बापाला विचारावंच लागतं ना?’

‘झालं! आता आठवडाभर पुरेल,’ आई म्हणाली.

मी म्हटलं, ‘हो बाबा.’ एवढंच! कॉलेजात सत्यावर भाषणं ठोकणारी मी!

१० जून
काका आज काही विचारायलाच आले नाहीत. दुरूनच हात केला. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

१२ जून, बुधवार
सकाळी साहेबांना दुरुस्तीचा कागद दिला. ‘चूक कोणाची’ — बाबांचं पूर्ण नाव. ‘कोणी शोधली’ — माझं. आडनाव एकच.

घरात पाय ठेवताच बाबांनी विचारलं, ‘आज काय केलंस?’

सांगितलं.