नळावरची जगव्यवस्था

मोहने,
४ ऑगस्ट २०२४

चि. धनेश यास काकीचे अनेक आशीर्वाद.

त्या सकाळी मी चिंच आणि राखेनं हंडा घासत होते. अंगणात सडा टाकून झालेला, भाकरीचं पीठ काढून ठेवलेलं, आणि तुझे काका मागे उभे राहून चिडवत होते, की आज आपला नंबर पहिला, पण एवढा नको घासूस, नळाला लाज वाटेल. ती सकाळ तुझ्या पुस्तकात नाही, म्हणून लिहिते. फोनवर तू मला मध्येच तोडतोस.

छापायला जाणारी प्रत मी दोनदा वाचली. देशांच्या वर कोणी पोलीस नाही, कोर्ट नाही, तरी जगात सुव्यवस्था राहते. कारण लहान देश मोठ्याचा मोठेपणा आपणहून मान्य करतात आणि मोठा त्या बदल्यात सगळ्यांना सांभाळतो, असा तुझा सिद्धांत. इथवर समजलं. मग उदाहरण म्हणून आमच्या गल्लीचा नळ आला, आणि मला किळस आली. माठात हात घालावा आणि तळाशी बुळबुळीत काही लागावं, तशी.

रात्री प्रत्येक घर रांगेत फुटकी कळशी, डबा, नाहीतर नुसता दगड ठेवून जागा धरायचं, हे तू बरोबर लिहिलंस. पहाटे जगनशेठच्या घरचा तांब्याचा हंडा आला की बाया न सांगता आपापली भांडी मागे सरकवायच्या, हेही खरं. याला तू मान्यता म्हणतोस. आणि सगळ्यात शेवटी 'हसतमुखाने' उभे राहणारे तुझे गोविंदाकाका, त्यांचं नाव घालून लिहितोस, की लहानाचं शहाणपण ते हेच.

बाबा रे, तू आमच्याकडे शाळेला आलास, त्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. त्या सकाळी आमचा दगड पहिला होता. जगनशेठचा गडी हंडा घेऊन आला. काकांनी तो उचलून बाजूला ठेवला आणि आपला लावला. शिवी नाही, आवाज नाही. एवढंच म्हणाले, की रांग आहे. गडी हसला आणि गेला. नळाची मोठी चावी जगनशेठच्या वाडीत. दुपारपासून अख्ख्या गल्लीचं पाणी बंद.

दोन दिवसांत शेजारणी दारात आल्या. जया तर तोंडावर म्हणाली, की तुझ्या नवऱ्याच्या रांगेपायी आमची पोरं काय थुंकीनं धुवायची का गं? संध्याकाळी काका वाडीत गेले, हात जोडले. चावी उघडली. पहिला हंडा भरून त्यांनी स्वतःच्या खांद्यावरून जगनशेठच्या ओट्यावर नेऊन ठेवला. गल्ली बघत होती. तेव्हापासून ते शेवटी उभे राहायचे.

तू आलास तेव्हा सगळं शांत झालं होतं. तू तेवढंच पाहिलंस. त्यांचं नाव काढ. अर्पणपत्रिकेसाठी त्यांचा फोटो मागितलास, तो पाठवत नाही.

जेवण वेळेवर कर, आणि रागावलास तरी उत्तर दे.

तुझी काकी,
कलावती

—

ठाणे,
९ ऑगस्ट २०२४

ती. काकीस शि. सा. नमस्कार वि. वि.

तुझं पत्र तुझ्या सुनेने, प्रियांकानेही वाचलं. मला म्हणाली, की तुझ्या पीएचडीला परीक्षक म्हणून काकी असत्या, तर तुला अजून डिग्री मिळाली नसती.

त्या सकाळचं मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. वाचून वाईट वाटलं. पण काकी, सिद्धांत म्हणजे नकाशा असतो गं, त्यात प्रत्येक खड्डा दाखवत नाहीत. भांडण झालं ते एकदाच. त्यानंतर नळ घरोघरी येईपर्यंत एकदाही झालं नाही. म्हणजे लोकांनी कुठेतरी ते स्वीकारलंच ना? माझा मुद्दा तेवढाच आहे. आणि काका खरंच हसत असायचे, मी डोळ्यांनी पाहिलंय. तू मात्र नळावर कधी दिसल्याचं आठवत नाही. डाळ नदीच्या पाण्यात चांगली शिजते म्हणून तू नदीवर जायचीस, तूच सांगायचीस.

काकांचं नाव काढलं तर ते प्रकरण उभंच राहत नाही, आणि त्याच प्रकरणाचं सगळ्यांनी कौतुक केलंय. छपाई फक्त काकांच्या फोटोसाठी थांबवली आहे. २५ तारखेला रविवारी डोंबिवलीत प्रकाशन. हॉल विकीशेठने दिलाय, आपल्या जगनशेठचा नातू. फार साधा माणूस. पहिली प्रत तुला त्याच्या हातून द्यायची, अशी त्याचीच इच्छा. मी गाडी घेऊन येतो, तू नाही म्हणू नकोस.

गुडघ्याला तेल लावतेस ना? राग ओसरला की कळव.

तुझा,
धनेश

—

मोहने,
१३ ऑगस्ट २०२४

चि. धनेश यास आशीर्वाद.

पहिली प्रत विकीशेठच्या हातून घ्यायची, हे वाचलं आणि पत्र बाजूला ठेवून मी हात धुवून आले. विकीवर राग नाही. तो तेव्हा जन्मलाही नव्हता, आणि गणपतीत भेटला की पाया पडतो. किळस मला तुझ्या शब्दाची आहे. जगनशेठनं निदान चावी बंद केली, तेव्हा त्याला चावी बंद करणंच म्हणाला. त्याला आमची मान्यता तो म्हणाला नाही. ते तू म्हणालास, आमच्या घरची भाकरी खाऊन.

पुढे भांडण का झालं नाही, विचारतोस. चावी वाडीतच होती म्हणून. एका लहान देशानं मोठ्याच्या जहाजांना आपलं बंदर दिलं आणि करारावर खुशीनं सही केली, असं तू लिहितोस. त्या देशाची चावी कोणाच्या वाडीत आहे, ते मी पुस्तकभर शोधलं. नाही सापडलं.

आणि काका हसायचे ते तुझ्यामुळे. तू दप्तर घेऊन त्यांच्याकडे बघत उभा असायचास. पोरासमोर माणूस दुसरं काय करणार?

ते गेल्यापासूनही मी चांगलं काही वाचलं की पान दुमडते, त्यांना संध्याकाळी वाचून दाखवायचं म्हणून. मग आठवतं, आणि पान तसंच राहतं. तुझ्या पुस्तकाचं एकही पान दुमडलं नाही.

फोटो भिंतीवरच राहील. नाव काढ. प्रकरण पडलं तर पडू दे, तू हुशार आहेस, दुसरं लिहिशील. २५ तारखेला मी घरी आहे. गाडी आणलीस तर जेवून जा, पण मला न्यायला येऊ नकोस.

प्रियांकाला माझी आठवण सांग. माया आहे ती आहेच, तिचं काही बिघडत नाही.

तुझी काकी,
कलावती

ता. क. मी नळावर कधी दिसले नाही, हे तुझं बरोबर आहे. डाळीचं तुला सांगायचे, कारण तू लहान होतास. काकांनी जगनशेठच्या ओट्यावर हंडा नेऊन ठेवला, त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी आपला हंडा उचलला आणि नदीवर पाण्याला गेले.