पटावरचं लाल फडकं

बाबा, शंकरपट पुन्हा सुरू होतोय. बैलजोड्यांच्या शर्यतीचे नियम लिहून द्यायला काल समितीने मला सांगितलं. पहिल्याच नियमाला हात अडला, कारण तो तुमचा आहे: ढग गडगडला की लाल फडकं, जोड्या सोडायच्या, उरलेला पट उद्या.

गुरांच्या दवाखान्यातली नोकरी संपल्यावर नेरजवळच्या त्या माळावर तुम्ही फडकं धरायचात आणि मी माइकवर असायचो. "तोंडाचा पट्टा जरा आवर," असं तुम्ही दर पटाला म्हणायचात. कापसाने सगळ्यांची तोंडं उतरवलेली ती वर्षं. पटाच्या दुपारी तेवढी माणसं हसायची. त्या दिवशी एकच जोडी उरली होती, राळेगावची, आणि सगळा माळ तिच्यासाठीच थांबलेला. आभाळ काळवंडलंय. माझ्या माइकचा भोंगा तुमच्या डोक्यावरच्या बांबूला बांधलेला, तुम्ही मान वाकडी करून ढगाकडे कान लावून उभे आहात. मी बोलतोच आहे. जोडी सुटली आणि अर्ध्या वाटेत कडाडून गारा कोसळल्या. बैल उधळले, छकडा उलटला, हाकणाऱ्याचा पाय चाकाखाली गेला. तो आजही लंगडतो.

संध्याकाळी तुम्ही विचारलंत, "जोडी सुटाच्या आंधी गडगड झालती म्हणतात लोकं. तुले आयकू आलती का रे?"

"नाही बाबा. भोंग्यापुढं काय आयकू येते?"

समितीपुढे तुम्ही हात जोडलेत. "चूक माही हाय. माहे कान गेले आता." फडकं तिथेच ठेवून आलात, मी ते उचलून घरी आणलं. यवतमाळच्या डॉक्टरांनी कान ठणठणीत आहेत म्हटलं, तरी तुमचा विश्वास बसला नाही. घरात प्रत्येक गोष्ट दोनदा विचारू लागलात, रस्ता ओलांडताना माझी बाही धरू लागलात. मी धरू दिली. आतून लाज वाटायची, पण बोललो नाही, आणि तुम्ही गेलात.

काल तुमच्या नियमाखाली मी दुसरा लिहिला: आभाळ भरलं की भोंगा बंद. समितीवाल्यांनी कारण विचारलं. वडिलांना कमी ऐकू यायचं, म्हणालो. पुन्हा तेच. हे पत्र तुमच्या फडक्याच्या घडीत ठेवतो; ती कुणी उघडत नाही. गडगड मला ऐकू आली होती, बाबा. ऐकली म्हणूनच मी भोंग्याचा आवाज वाढवला.