पिवळ्या पट्टीवरचा नंबर

तात्या,

आधी ‘तीर्थरूप’ लिहिलं होतं, मग खोडलं. ‘प्रिय’ लिहिलं, तेही खोडलं. आता नुसतं तात्या. येत्या गुरुवारी तुम्हाला जाऊन तीन महिने होतील. या तीन महिन्यांत मी तुमच्यासाठी जेवढी रडले तेवढी माझ्या सख्ख्या बापासाठीही रडले नव्हते. ते सगळं रडणं काल मला परत मागून घ्यावंसं वाटलं. पण मागू कुणाकडे?

काल दुपारी काकूंनी तुमचा लॅपटॉप बॅगेसकट माझ्या हवाली केला. म्हणाल्या, “त्येंची समदी इद्या ह्याच्यात हाय, मने. आता तूच बघ.” मी तो डोक्याला लावून घेतला, तात्या. खरंच लावला! पासवर्ड शोधावा लागला नाही. तुम्ही तो खालच्या बाजूला चिकटवून ठेवला होता, माझ्याच पिवळ्या चिकटपट्टीवर लिहून.

उघडायचं कारण असं, की रविवारी निनाद सर येणार आहेत. वाकडचे, लाल गाडीवाले. दोन दारांची, पंचवीस वर्षांची ती जपानी स्पोर्ट्स कार आठवते ना? न आठवून कसं चालेल! आपल्याकडून गेली आणि दुसऱ्याच दिवशी स्पाइन रोडला तिचा पिस्टन वितळला. चार वर्षं ती ताडपत्रीखाली होती. आता सरांनी नवं इंजिन बसवलंय आणि पुन्हा मोठा एअरफ्लो सेन्सर आणि रिमॅप आपल्याकडेच करायचाय. फोनवर म्हणाले, “मॅडम, वाईट वाटून घेऊ नका, पण वायरिंग मी बाहेरून करून आणलं तर चालेल का?”

मी म्हणाले, चालेल. दुसरं काय म्हणणार होते?

तुम्हीच मला या कामावर घेतलं होतंत. चाकणच्या कंपनीत मी गाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधायच्या लाइनवर होते, कंत्राट संपलं आणि घरी बसले. चऱ्होलीत एक म्हातारा जुन्या स्पोर्ट्स गाड्यांची कामं करतो आणि त्याला वायरिंगला माणूस हवाय, एवढं कळलं होतं. आले, तर तुम्ही पत्र्याच्या शेडमध्ये लुंगीवर बसून चहा पीत होतात. तुम्ही नाव नाही विचारलंत, गाव नाही विचारलंत. दोन वायरी पुढे टाकल्यात, “जोड.” मी जोडल्या. तुम्ही त्या दोन्ही हातांनी खेचल्यात, चेहरा लाल होईपर्यंत. “आगं, ह्यो जोड न्हाई तुटायचा. वायर तुटंल.” त्या एका वाक्यावर मी अकरा वर्षं काढली, तात्या.

आणि तुमची ती केबिन! प्लायवूडचं दार, आतून कडी. मी सेन्सर बसवायची, वायरिंग करायची, कंपनीतल्या सवयीने प्लगच्या मानेला पिवळी पट्टी लावून तिच्यावर सेन्सरचा नंबर लिहायची. मग तुम्ही गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे बदलायला लॅपटॉप घेऊन आत जायचात. “म्याप लिवतोय. कुनी दार वाजवायचं न्हाई.” लाखांच्या गाड्यांचे मालक बाहेर बाकावर गुपचूप बसून राहायचे. तासा-दीड तासाने तुम्ही चष्मा पुसत बाहेर यायचात, इंजिन सुरू करायला लावायचात, डोळे मिटून बॉनेटला कान लावायचात. “आता बराबर हाय.” माझ्या अंगावर काटा यायचा. किती वेळा म्हणाले मी, “तात्या, मलाही शिकवा ना.” दर वेळी एकच उत्तर, “येळ आली की शिकवीन. ही कानाची इद्या हाय.”

काल कळलं की ती विद्या कोइमतूरच्या कुणा माणसाकडे होती.

तुम्ही फक्त गाडीच्या कॉम्प्युटरमधली फाइल काढायचात आणि त्याला मेलने पाठवायचात. तो तिकडे बसून आकडे बदलायचा, फाइल परत यायची, तुम्ही ती गाडीत भरायचात. एवढंच! अकरा वर्षांतला प्रत्येक मॅप त्याच्याच हातचा. तेवढा वेळ तुम्ही आत काय करत होतात, तात्या? पेपर वाचत होतात?

पण ऐका, त्याचा राग नाही मला. येत नव्हतं तर नव्हतं. या धंद्यात कितीतरी जण फाइल बाहेरूनच करून घेतात. मला एका वाक्यात सांगितलं असतंत, तर आपण दोघं बसून हसलो असतो आणि मी ती कडी आतून नीट लागते की नाही तेही बघितलं असतं. तुमचं सोंग मी स्वतः सांभाळलं असतं.

मग मी लाल गाडीचा मेल उघडला.

हे सेन्सरचं प्रकरण तुम्हीच मला पहिल्या आठवड्यात समजावलं होतंत. नळीत एक तापलेली तार असते. हवा गेली की ती गार होते, आणि ती किती गार झाली यावरून कॉम्प्युटर हवा मोजतो आणि तेवढं पेट्रोल देतो. नळी रुंद केली तर तीच हवा सावकाश जाते, तार कमी गार होते. म्हणून नवी नळी रुंद आहे हे कॉम्प्युटरला सांगावंच लागतं. नाही सांगितलं, तर त्याला वाटतं हवा थोडीच आहे, तो पेट्रोल कमी देतो, आणि इंजिन कोरडं जळून पिस्टन वितळेपर्यंत तापतं. “फोडणीत त्याल कमी पडल्यावानी,” म्हणाला होतात.

त्या दिवशी मी केबिनच्या दारात उभी राहून तुम्हाला सांगितलं होतं, “तात्या, रुंदवाला बसवलाय बरं का. नंबर पट्टीवर लिहिलाय.” तुम्ही म्हणालात, “व्हय, व्हय.” आणि दार लावलंत. आत तुम्ही आदल्या आठवड्यातल्या पांढऱ्या गाडीचा मेल उचललात, गाडीचं नाव बदललंत आणि पाठवून दिलात. पांढऱ्या गाडीला लहान सेन्सर होता. तो नंबर तसाच राहिला. घाईत होतं असं. माझ्याही हातून झालं असतं.

पिस्टन वितळला त्या दिवशी दुपारी त्या माणसाचं उत्तर आलंय. “आपने छोटे सेन्सर का नंबर भेजा था. फाइल उसी की है.” आणि त्याखाली तुमचं, “ठीक है. किसी को बोलना मत.”

म्हणजे दुपारी तुम्हाला माहीत होतं! आणि संध्याकाळी निनाद सर शेडमध्ये उभे, गाडी टोइंगच्या दोरीला, आणि तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, “पोरीच्या हातनं सेन्सरचा जोड कच्चा ऱ्हायला, सायेब. माप करा.”

मी हात जोडले, तात्या. मी! सरांची माफी मागितली. जोड उघडून बघू, मी म्हणाले, तर तुम्ही तो आधीच कापून टाकला होता. “कशाला मढं उकरतीस,” म्हणालात. मला वाटलं, माझी लाज राखताय.

त्यानंतर तुम्ही मला कुठल्याच चांगल्या गाडीच्या वायरिंगला हात लावू दिला नाहीत. “तुजं डोळं दमल्यात.” मी डोळे तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, उत्तम आहेत. मला वाटलं, डॉक्टरांनाच कळत नाही! घरी भंगारातल्या वायरी आणून जोड करत बसायचे, ओढून बघायचे. एकही तुटायचा नाही, आणि तरी माझा स्वतःवर विश्वास बसायचा नाही, कारण तुम्ही म्हणाला होतात आणि तुमचा कान कधी चुकत नसे. केसाने गळा कापलात माझा. चार वर्षं रोज समोर बसून माझ्या डब्यातली भाकरी खाल्लीत आणि मूग गिळून बसलात. घास उतरत कसा होता?

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तुम्ही माझा हात उलटा करून बघत बसला होतात. “हात चांगला हाय तुजा, मने.” मी म्हटलं, तात्या, बोलू नका, धाप लागते. तुम्ही गप्प झालात. तेव्हा सांगणार होतात का? मी गप्प केलं म्हणून राहिलं, की मी गप्प केलं म्हणून सुटलात? रात्रभर याचाच विचार करतेय. यातलं कुठलंही उत्तर मला पुरत नाही.

आता वचन देते ते ऐका. काकूंना मी आपण होऊन काही सांगणार नाही. तुमच्या फोटोखाली त्यांना ‘मॅपिंगचे उस्ताद’ लिहायचंय, लिहू देत. पण त्यांनी विचारलं तर खोटं बोलणार नाही. केबिनचं दार मी आज सकाळी बिजागऱ्यांसकट काढून शेडच्या मागे ठेवलं. कोइमतूरच्या माणसाला यापुढे मीच मेल करीन, गाडीच्या मालकाला शेजारी बसवून, नंबर पट्टीवरून वाचून. आणि जमेल तसं त्याच्याकडून शिकेन. तो शिकवायला तयार आहे, तात्या. मी विचारलं, आणि तो लगेच हो म्हणाला.

आणखी एक. लॅपटॉपच्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात मला वीतभर वायर सापडली. मधे जोड, एका टोकाला प्लग, त्याच्या मानेला पिवळी पट्टी, तिच्यावर माझ्या अक्षरात रुंद सेन्सरचा नंबर. कापून टाकला म्हणाला होतात ना? मग जपून का ठेवलात? फेकवला नाही तुमच्याने?

मी तो ओढून बघितलेला नाही. हात शिवशिवत होते, तरी नाही. रविवारी निनाद सर आले, की चहाच्याही आधी मी तो तुकडा त्यांच्या हातात देणार आहे आणि म्हणणार आहे, “सर, दोन्ही हातांनी ओढा.”

तुमची म्हणायचं की नाही ते अजून ठरलेलं नाही.

मनीषा