डब्यात काय आहे

अकोला, २८ सप्टेंबर २००२

चि. सौ. सुनीतीस,
मंदाकिनीचे अ. उ. आ.

बंडूले लिहिणार होती, पण माझा भाऊ तुले विचारल्याशिवाय पत्रही फोडत नाही, म्हणून तुलेच लिहून राहिली. माझी मैत्रीण शर्मिष्ठा चौबे कॉलोनीत तुमच्या घरी येऊन गेली, तिनं सगळं सांगितलं. लकव्यानं आईची वाचा गेली, अन् तू तिले गल्लीतल्या पोट्ट्यांमध्ये बसवून भुलाबाईची गाणी म्हणवतेस! टाळ्या वाजवायले लावतेस! आजारी म्हातारीचा तमाशा करतेस, लाज नाही वाटत? राजधानी झाली म्हणे तुमचं रायपूर. एक धड डॉक्टर नाही तिथं?

कोजागिरीले येऊन राहिली. आईले अकोल्याले घेऊन जाईन. तिची लुगडी बांधून ठेव.

आशीर्वाद रीत म्हणून लिहिला, जास्त मनावर घेऊ नको.

मंदाकिनी


रायपूर, ४ ऑक्टोबर २००२

ती. मंदाताईंस,
सुनीतीचा सा. न. वि. वि.

पत्र यांनीच फोडलं, अन् माझ्या हाती देऊन स्कूटरवर सदर बाजारात पळाले.

तमाशा म्हणता? लकवा झाला तेव्हा तुमचा एक फोन आला, बस! डॉक्टर दाखवले, औषधं चालूच आहेत. पण आई पाणीसुद्धा मागू शकत नव्हत्या, भिंतीकडे तोंड करून रडायच्या. भुलाबाई मांडली त्या संध्याकाळी पाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या गल्लीतल्या, पोट्ट्या एक ओळ चुकल्या, तर मागून आईंनी ती नीट गाऊन दाखवली. माझ्या हातातलं ताट पडलं. बोलता येत नाही, पण गाता येतं! डॉक्टरच म्हणाले, गाऊ द्या, यातूनच वाचा सुटेल. आता पाणी चालीवर मागतात.

तुमचं पत्र मी वाचून दाखवलं. आईंनी भुलाबाईच्या चालीवर गाऊन निरोप दिला: मंदीले म्हणावं, खिरापत घेऊन ये. गाणी झाली की डबा वाजव. आत काय आहे ते ओळखून मी बोलून दाखवलं तर इथंच राहीन, नाही तर तुझ्यासंग येईन.

आमच्या पिंकीच्या डब्यातलं त्यांनी अजून एकदाही ओळखलं नाही. ओठ हलतात, शब्द येत नाही. माझा जीव थाऱ्यावर नाही, पण तुमच्यापुढं पदर पसरणार नाही.

लोभ तुमच्याकडे उरला असेल तर आईंवर करा.

सुनीती


अकोला, ११ ऑक्टोबर २००२

सुनीती,

या खेपेले आशीर्वाद नाही. आई गाते, हे मले शर्मिष्ठेकडून कळावं? तू काहून नाही लिहिलं? यासाठी तुले जन्मात माफ करणार नाही. अन् फोनचा हिशेब मले सांगू नको. तिकडून तिचा नुसता श्वास ऐकू आला, पुन्हा फोन लावायची हिंमत झाली नाही.

पैज मंजूर आहे. लोभाचं कोजागिरीनंतर पाहू.

मंदाकिनी

ता. क. लुगडी बांधू नको. डब्यात फुटाणे आणून राहिली. लहानपणी दरवर्षी माझ्या डब्यात फुटाणेच असत. डबा नुसता हलला की आई स्वयंपाकघरातून 'फुटाणे!' म्हणून ओरडायची, अन् मी रडायची. हे तिले सांगशील तर खबरदार. तिचं तिले ओरडू दे.