हवा जाते कुठे?

मंगळवार, ७ मे

पुन्हा पंक्चर! कन्येच्याच सायकलचं, मागचंच चाक. काल तेच, परवाही तेच. किल्ला समोर टेकडीवर दिसतोय आणि आम्ही तिघं रस्त्याकडेला ट्यूब बाहेर काढून बसलेलो. पोचलो तेव्हा दरवाजा बंद. "उद्या या," पहारेकरी म्हणाला आणि कुलूप ओढून बघितलं.

म्हणजे सांगणं पुन्हा लांबलं. घरून निघतानाच आम्हा दोघांचं ठरलंय – किल्ल्यात तिला सांगायचं, की आई-बाबा यापुढे वेगवेगळ्या घरात राहणार. तिला किल्ल्यांचं वेड. आवडत्या जागी ऐकलं तर कमी लागेल, असं नवऱ्याचं म्हणणं. तेव्हा मला पटलं होतं. आता वाटतं, तिची आवडती जागाच नासवायची का? काही कळेनासं झालंय.

संध्याकाळी मुक्कामाच्या खोलीवर बादलीत ट्यूब बुडवली. मी धरायची, त्याने फिरवायची. एक बुडबुडा येईल तर शपथ.

"मग हवा जाते कुठे?" त्याने विचारलं.

"तुझ्या डोक्यात."

हसला. मीही हसले. मग चोरी पकडली गेल्यासारखे दोघंही बादलीत बघू लागलो.

बुधवार, ८ मे

किल्ल्याला आज आठवड्याची सुट्टी! मग त्या शहाण्याने "उद्या या" कशाला म्हटलं? कन्येला वाईट वाटल्याचं दिसलं नाही. उलट दोनदा जेवली.

गुरुवार, ९ मे

अखेर किल्ला. खंदकावरचा पूल, अंधारा दरवाजा, वरून शत्रूवर दगड टाकायची भोकं. कन्या पुढे, सगळं तोंडपाठ. "जिना असा वळतो ना बाबा, की चढणाऱ्याचा तलवारीचा हात भिंतीला अडतो." नवऱ्याने लगेच हवेत तलवार उपसली आणि खरंच कोपर आपटून घेतलं. मला हसू आवरेना. ज्याला सोडायचं ठरवलंय त्याच्यावर असं हसू येतं का कुणाला?

बुरुजावर पोचलो. त्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. "तू सांग." "तू सांगणार होतास." आमची ही कुजबुज चाललेली, तेवढ्यात "पाण्याची बाटली सायकलला राहिली" म्हणून कन्या खाली पळाली.

तिथे भिंतीत बाण मारायची उभी फट आहे. तिच्यातून खाली डोकावले. फट बोटभर, पण नेमक्या आमच्याच सायकली दिसत होत्या. आणि कन्या, मागच्या चाकाशी उकिडवी, व्हॉल्व्हवर नख दाबून.

नवऱ्याला काही बोलले नाही. खाली गेले, तिच्याशेजारी फरशीवर बसले. रागवायचं होतं, पण विचारलं एवढंच.

"कशासाठी गं?"

"पंक्चर काढताना तुम्ही दोघं नीट बोलता," ती म्हणाली. "एरवी सगळं माझ्यामार्फत. बाबांना सांग, आईला विचार." मग चाकाकडे बघत, "तू मावशीला फोनवर सांगत होतीस ना, वेगळं राहायचं... ते ऐकलं मी. आता नाही करणार असं. प्रॉमिस."

तिला जवळ घेतलं आणि पंप मारून चाक भरलं.

नवरा खाली आला. "पुन्हा बसलं?"

"नाही. ठीक आहे चाक."

त्याचा चेहरा पडला. का पडला? आणि तो पडलेला बघून मला बरं का वाटलं? सांगायचं ते दोघांनीही सांगितलं नाही. उद्या घरी गेल्यावर, असं ठरलं. कुणी ठरवलं, आठवत नाही.

शुक्रवार, १० मे

आज घरी निघायचं. कन्या शब्दाला पक्की, तिची दोन्ही चाकं टणक. पहाटे दोघं झोपलेले असताना मी खोलीबाहेर अंगणात आले, माझ्या मागच्या चाकाच्या व्हॉल्व्हची टोपी काढली आणि हवा सोडून दिली. सगळी. बादली भरून ठेवली आहे.