एका पत्त्याची दोन नावं

३ मार्च, सोम.
लग्नानंतर ऑफिसचा पहिला दिवस. सासूबाई दारातून म्हणाल्या, "वैदेही, डबा घेतलास?" मी आपली चपला घालतेय. मग उमगलं, वैदेही म्हणजे मीच. तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलेलं नाव. निपाणीत जन्मापासून मी मंगल.

४ मार्च, मंगळ.
आमची मशीनं डेअऱ्यांत दूध गार करतात. डेअरीचा कॉम्प्युटर नाव पाठवतो, 'कूल_ऑन', की मशीननं त्या नावाचं फंक्शन (प्रोग्राममधला कामाचा तुकडा) चालवायचं. मी रजेवर असताना नवीननं (टीम लीड) मशीनमधली सगळी नावं बदलली. दिसतात छान. पण डेअऱ्या जुनंच पाठवणार. आज चाचणीत मशीन ढिम्म. गावात गेलं असतं तर दूध नासलं असतं.
न. म्हणतो, डेअऱ्यांना कळवू. भयंकर राग आला. बदलायचं यानं, सवय करायची त्यांनी!

५ मार्च, बुध.
आमचा प्रोग्राम ज्या सी भाषेत आहे, ती स्वतःहून नावावरून फंक्शन शोधून देत नाही. तिला पत्ता लागतो, फंक्शन मेमरीत कुठे आहे तो. म्हणून तक्ता आपणच ठेवायचा: नाव, शेजारी पत्ता. आलेलं नाव त्यात शोधायचं, सापडलं की त्या पत्त्यावर जायचं.
मग एका पत्त्याला दोन नावं का नकोत? जुनं आणि नवं, दोन ओळी. काम तेच.
पहिल्या फेरीत प्रोग्राम कोसळला. नाव सापडलंच नाही तर काय, हे लिहायचं राहिलं होतं. लिहिलं.

७ मार्च, शुक्र.
चाललं! दोन्ही नावांना मशीन उठतं. न. तोंड वाकडं करून त्याच्या कानडीत 'बरं' म्हणाला: "सरी. पण जुनी नावं कधीपर्यंत ठेवायची?"
"कुणी हाक मारतंय तोवर."
बसमध्ये ठरवलं, आता घरी बोलायचं.

९ मार्च, रवि.
सासूबाईंशी बोलले. पोळ्या लाटताना. म्हटलं, वैदेही म्हणा हवं तर, पण मंगलही राहू दे. रागावतील वाटलं होतं. त्यांनी तव्यावरची पोळी उलटली. मग: "मलाही इथं आल्यावर दुसरंच दिलं गं. पहिलं आता कोण घेतंय?"
विचारलं, काय होतं? गॅस बारीक करून बाल्कनीत गेल्या.
संध्याकाळी हाक आली, "अगं, इकडे ये स्वल्प." 'स्वल्प' म्हणजे इथल्या कानडीत 'जरा'. नाव मात्र ना मंगल, ना वैदेही. गेले मी.
पण त्यांचं पहिलं नाव उद्या परत विचारणार आहे.